पिवळी लोकर

"ताई, फिल्टर तर बदलायचाच आहे, पण आधी हे बघा," बॉनेटखाली वाकलेले मुश्ताकभाई म्हणाले.

सुनेत्रा आणि मोरेश्वरची तीन वर्षांची इरा तापाने गेली, तेव्हापासून गाडी जागची हलली नव्हती. आता ती विकायची, म्हणून मोरेश्वरने मेकॅनिकला बोलावलं होतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदराने घर केलं होतं. फिल्टरच्या कुरतडलेल्या कागदात पिवळी लोकर होती आणि तिच्यात डोळेही न उघडलेली पिल्लं वळवळत होती.

सुनेत्राने लोकर ओळखली. हॉस्पिटलातून परतताना इराचा स्वेटर मागच्या सीटवर राहिला होता. तो आणायला दोघांपैकी कुणाचाच हात गाडीच्या दाराला लागला नव्हता.

"फेकून द्या ते," मोरेश्वर म्हणाला आणि आत निघून गेला.

सुनेत्राने घरटं अलगद उचलून भिंतीच्या सावलीत ठेवलं. नवा फिल्टर बसला, गाडी सुरू झाली. पिल्लांची आई मात्र फिरकली नाही.

संध्याकाळी सुनेत्रा बाहेर आली तेव्हा मोरेश्वर भिंतीपाशी उकिडवा बसला होता. हातात दुधात बुडवलेला कापूस होता.

"एकच उरलंय गं," तो म्हणाला. ती त्याच्या शेजारी बसली.

सकाळपर्यंत तेही गेलं. मोरेश्वरने अंगणात खड्डा खणला.

इराला पुरताना बायकांनी यायचं नसतं, असं म्हणून सुनेत्राला कुणी नेलं नव्हतं. आज मोरेश्वर आपणहून बाजूला सरकला. माती तिने लोटली.