एका मंगळवारी एक नाणं

"परत धुतलासा व्हय काका?" दिपालीनं नाणं दारातल्या उजेडात धरलं.

नागोजीनं मान खाली घातली. वीस पैशाचं, कमळाचं नाणं. मागच्या मंगळवारी तिच्याच दुकानातून नेलेलं. घरी गेल्यावर त्यानं ते चिंचेनं असं काही घासलं होतं की देवापुढची समईसुद्धा लाजावी.

"काळं पडलतं म्हणून घासलो."

"किती येळा सांगायचं? काळं हाय तवर त्याला मोल. चकाकलं की कोण इचारत न्हाय."

"ऱ्हायलं ध्यानात."

"मागच्या बारीला बी असंच म्हणालासा."

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. निपाणीच्या बसस्टँडमागं जुन्या वस्तूंचं हे एवढंसं दुकान. कंदील, घड्याळं, अडकित्ते आणि एका काचेच्या बरणीत नाणी. दर मंगळवारी दिपालीचा नवरा माल बघायला कोल्हापूरला जायचा आणि ती एकटी दुकानात बसायची. नागोजी त्याच दिवशी पिरनवाडीहून दोन बस बदलून यायचा, स्टुलावर टेकायचा आणि एक नाणं निवडायला चांगला तासभर लावायचा. वीस-तीस रुपयांच्या वरचं त्यानं कधी घेतलं नाही. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीपुढं जन्म काढलेल्या माणसाची पेन्शन ती केवढी!

पण तेवढ्यातही त्याचा अल्बम बघण्याजोगा झाला होता. भोकाचा पैसा, तीन पैशाचं षटकोनी, नेपाळचं, सिलोनचं, कुणीतरी आखातातून आणलेला दिरहम. एकासारखं दुसरं नाही. "म्हागाचं एक घेण्यापरास सवंग धा घ्या, पण येगयेगळी घ्या," हे दिपालीनंच शिकवलेलं.

नागोजीची बायको आक्काताई मात्र या छंदावर जाम उखडायची.

"नाणं वीस रुपयांचं आनी बसभाडं दोनशेचं! कुठल्या शाळंत शिकलासा ह्यो हिशोब?" आणि मग थोडं थांबून म्हणायची, "सरकारनं बायकांस्नी बस फुकट केलीया. मी बी येतो की एकदा."

"तुला नाण्यातलं काय कळतंय?" नागोजी चपला शोधत म्हणायचा.

आज दुकान अर्धं रिकामं होतं. भिंतीवरची घड्याळं खोक्यांत गेली होती. त्या खोक्यांच्या मधोमध एक लहान मुलगी डब्याची झाकणं वाजवत बसली होती. नागोजीनं तिच्याकडं बघितलं, मग घाईघाईनं बरणी पुढं ओढली.

"आवराआवर कसली काढलीस?"

"दुकान सोडतोय काका. ह्यास्नी पुण्यात नोकरी लागली. शनवारी निघतोय."

त्याचा हात बरणीतच राहिला.

"म्हंजे पुढच्या मंगळवारी..."

"न्हाय."

अल्बमची नऊ पानं अजून कोरी होती. मंगळवार सोडला तर सकाळी उठावंसं वाटेल असा एकही दिवस त्याच्या आठवड्यात नव्हता, आणि हे कुणाजवळ बोलायचीही सोय नव्हती.

"पत्ता लिहून देऊ?" दिपालीनं विचारलं.

"नगं. नाण्यासाठी एवढ्या लांब कोण येतंय?"

"खरं हाय," ती खोक्याला सुतळी बांधत म्हणाली. "नाण्यासाठी कोण येतंय."

तिनं सुतळीला गाठ मारली आणि बरणी त्याच्याकडं सरकवली.

"ही सगळी बरणीच घेऊन जावा. पैसं नगंत."

"एकच बास."

मुलगी उठून त्याच्या गुडघ्याशी आली आणि आपल्या हातातलं झाकण तिनं त्याला दिलं. नागोजीनं ते दोन्ही हातांनी घेतलं.

"नाव काय हिचं?"

"श्रिया. श्रावणात तीन हुतील. रोज शेजारच्या मावशीकडं आसती, आज त्या गावाला गेल्यात."

त्यानं खिशातून शंभराची नोट काढून मुलीच्या मुठीत ठेवली. "कशाला?" असं दिपाली म्हणाली नाही.

दर मंगळवारी ती पाण्याचा तांब्या पुढं करायची आणि दर मंगळवारी तो म्हणायचा, "आत्ताच प्यालो." आज तिनं विचारलंच नाही. त्यानंच मागितलं.

"वाईच पाणी दे."

तिनं तांब्या आणला. त्यानं तो एका दमात रिकामा केला. रिकामा तांब्या ठेवायला ती आत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

त्यानं एक पैशाचं चौकोनी नाणं निवडलं. तिनं ते कागदात बांधून दिलं.

"ह्ये तरी घासू नगासा."

"न्हाय."

"जपून जावा काका."

तो बसमध्ये बसला. तवंदीचा घाट चढून जाईपर्यंत त्यानं खिडकीबाहेरून तोंड आत वळवलं नाही.

घरी पोचला तेव्हा आक्काताई भाकरी थापत होती. तो भिंतीला टेकून बसला.

"निपाणीचं दुकान बंद झालं," तो म्हणाला. "आता नाणी गोळा करायचं संपलं."

आता ती टोमणा मारणार, म्हणून तो वाट बघत राहिला. तिनं चुलीवरचा तवा उतरवला, हात पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"सहा वर्सं झाली, तिनं आपल्या मनानं लगीन केलं म्हणून सगळ्या भावकीदेखत आपल्या दिपालीच्या नावानं आंघोळ केलासा. मी एक शबूद बोललो न्हाय," ती म्हणाली. "निपाणीची खबर मला बी लागती. आता एवढं तरी सांगा. आपली नात कुणावर गेलीया?"