बिशपच्या पुस्तकासमोर

"कर सही, राजश्री. पाचच्या आत फॉर्म गेला पाहिजे."

"पप्पा, काही होणार नाहीये. उगाच तमाशा."

सुखदेव खोब्रागडे ऐकणाऱ्यातले नव्हतेच. त्यांची मुलगी केअरर. ब्रिस्टलमधल्या एका मराठी आजींना आंघोळ घालायची, जेवू घालायची. आजी खूश होत्या. मग एक दिवस आजींच्या सुनेनं सहज आडनाव विचारलं. आडनावावरून जात कळली, आणि दुसऱ्याच दिवशी एजन्सीचा फोन आला, त्या घरी आता जाऊ नकोस. कारण काय, तर फॅमिलीची चॉइस! तक्रार करायचा आज शेवटचा दिवस होता आणि फॉर्म अजून कोराच.

म्हणून त्यांनी तिला थेट कॅथीड्रलमध्ये आणलं होतं. पोस्टातून रिटायर झाल्यापासून दर गुरुवारी ते इथे व्हॉलंटियर गाइड असत. काचेखाली एका जुन्या बिशपचं जाडजूड पुस्तक होतं. त्याच्यासमोर उभं राहिलं की सुखदेवांना चेव चढायचा.

"आधी कायदा म्हणजे काय, तर दांडग्याच्या तोंडाला येईल तो. या बिशपनं राज्यभरचे कायदे गोळा केले, लिहून काढले. एकदा लिहिलं की कुणाच्या बापाला पुसता येत नाही. बाबासाहेबांनी आपल्यासाठी वेगळं काय केलं? आणि तू स्वतःचं नाव लिहायला घाबरतेस? लाज वाटते मला."

हे शेवटचं तिला फार लागलं. डोळे भरून आले. पण ती बाकावर बसली, फॉर्म मांडीवर घेतला आणि 'राजश्री' एवढं लिहिलं.

"अय्या, मराठी!"

मागे एजवेअरहून आलेलं एक जोडपं उभं होतं. बाई तर हरखूनच गेल्या. इतक्या लांब, चर्चमध्ये, आपला माणूस! सुखदेवांनी त्यांना पुस्तक दाखवलं, बिशप सांगितला. गृहस्थ मन लावून ऐकत होते.

"छान सांगता हो तुम्ही. बॅजवर नुसतंच सुखदेव आहे. आडनाव काय आपलं?"

माणूस चांगला होता. मनात काही नव्हतं त्याच्या. आपल्यात विचारतातच.

"कुलकर्णी," सुखदेव म्हणाले.

अडखळले नाहीत, घाबरले नाहीत. इतकं सफाईदार, की ते हे काही आज पहिल्यांदा म्हणत नव्हते हे उघड होतं. मग त्यांना मागच्या बाकाची आठवण झाली. वळून बघायची हिंमत होईना.

"आणि ही कोण?" बाईंनी कौतुकानं विचारलं.

राजश्रीनं फॉर्मची घडी घातली, पर्समध्ये कोंबली. उठून ती पप्पांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी यांची मुलगी," ती हसून म्हणाली. "राजश्री कुलकर्णी."