टाकीमागचा डबा

"आण इकडे दोन्ही," सासरे म्हणाले आणि त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

सूनबाईने छोट्या मालगाडीचे दोन डबे त्यांच्यापुढे टेबलावर ठेवले. दोन्ही वीतभर लांब, एकाच पत्र्यातून कापलेले, सासऱ्यांच्याच हातचे. त्यातला एक डबा दोन वर्षांपूर्वी बागेत पाण्याच्या टाकीमागे पडला आणि तिथेच विसरला गेला. ऊन, पाऊस, पाखरं, सगळं त्याने मुकाट सोसलं. दुसरा तीन आठवड्यांपूर्वी कोरा करकरीत सुनेच्या हाती दिला होता. अट एकच होती. तिने तो नुसत्या रंगाने असा जुना करायचा, की टाकीमागच्या डब्याशेजारी ठेवला तर शोभला पाहिजे.

सासऱ्यांनी चाळीस वर्षं कारखान्यात खऱ्या मालडब्यांचा गंज खरवडून त्यांना नवा रंग दिला. निवृत्त झाले, बागेत हौसेची छोटी रेल्वे टाकली आणि धंदा उलटा सुरू केला. आता ते नवे डबे बनवत आणि त्यांना गंज चढवत. हौशी मंडळींत त्यांना गंजमास्तर म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. रविवारी त्यांच्या हौशी मंडळाचं प्रदर्शन होतं. बारा डब्यांची मालगाडी कबूल करून बसले होते. नऊ झाले आणि दहाव्याला हात थरथरायला लागला. पाण्याचा सरळ ओघळ काढायला जावं, तर रेघ दारू प्यायल्यासारखी चालायची.

मुलाने सुचवलं, "बाबा, हिला द्या की. हिचं तर कामच ते."

सून कवळ्या बनवणाऱ्याकडे कामाला होती. नवा दात जुन्या दातांच्या रांगेत उठून दिसू नये म्हणून त्यावर बारीक ब्रशने चहाचे डाग रंगवायची.

"दात वेगळे, डबे वेगळे," सासऱ्यांनी तेव्हाच सुनावलं होतं. "मी नऊ डब्यांची गाडी नेईन, पण कच्च्या हाताचा डबा माझ्या गाडीला जोडणार नाही."

बोलून तर गेले, पण आतून ते धास्तावले होते. हात आता स्थिर होणार नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. हे काम आपल्याबरोबरच संपणार, या विचाराने जेवण जायचं नाही. म्हणून तर त्यांनी सुनेला कोरा डबा दिला होता. ती पास व्हावी असं त्यांना फार वाटत होतं, पण तोंडाने कोण म्हणणार.

"बाबा, आधी एक सांगू का?"

"आधी ऐक, मग सांग. कुठला कुणाचा ते मला सांगायला नको. हे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत."

त्यांनी डावीकडचा डबा उचलला. भिंग फिरवलं. कपाळाला आठ्या पडल्या.

"हा गंजाचा पापुद्रा बघ. ह्या डब्याच्या मानाने तो दाराएवढा झालाय. दाराएवढा पापुद्रा कधी कुणी पाहिलाय? आणि छपरावर हा पांढरा डाग कसला? पाखराची शीट? निम्मं छप्पर व्यापलंय. हत्ती उडत आला होता का?"

"बाबा, ऐका तर—"

"थांब. ओघळही चुकलाय. पाणी वरून खाली येतं ना? हा मधेच उगवलाय." त्यांचा आवाज खाली आला. "नाही जमलं, सूनबाई. ज्याने हे केलंय, त्याने गंज नीट बघितलेलाच नाही."

त्यांना खरंच वाईट वाटलं. तिच्याकडे न बघता त्यांनी दुसरा डबा जवळ ओढला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आता हा बघ. जुनं होणं म्हणतात ते ह्याला. गंज कुठे सुरू झालाय? जोडाशी, जिथे पाणी थांबतं तिथे. तिथून खाली कसा विरत गेलाय. बोट ठेवायला जागा नाही. आणि ही दाराची कडी बघ. फक्त तिच्याभोवती रंग उडालाय. का? सांग."

"का?"

"हमालांचे हात लागून. रोज उघडायची, रोज लावायची. वर्षानुवर्षं. हे ब्रशने येत नाही, बाई. ह्याला काळ जावा लागतो."

सूनबाईने पदर सावरला. हसू दाबता दाबता तिच्या नाकी नऊ आले होते.

"बाबा, टाकीमागे हमाल कुठले?"

सासऱ्यांचं भिंग कडीवरच थांबलं. त्यांनी तो डबा हळूच खाली ठेवला. पहिला उचलला, उपडा केला आणि झटकला. चिमूटभर माती पडली, तिच्यामागोमाग एक वाळकी गोगलगाय टेबलावर घरंगळली.

त्यांनी ती गोगलगाय चिमटीत धरून भिंगाखाली पाहिली. मग उठले. सुनेचा डबा दोन्ही हातांनी उचलून ते बागेत गेले. नऊ डबे रुळावर उभे होते. हात थरथरत होता, आकडा अडकवताना तीन वेळा चुकले, पण तिला मदत करू दिली नाही. दहावा डबा जोडला गेला, तसे ते कमरेवर हात ठेवून ताठ उभे राहिले.

"मी बोललो त्यातला एक शब्द मागे घेणार नाही," ते म्हणाले. "पाऊस नापास. उरलेले दोन तू कर."