पुकारा

बाबा कोर्टात शिपाई होते. तारखेला दाराबाहेर उभं राहून आरोपीचं नाव तीनदा पुकारायचं, हे त्यांचं काम. साहेबांवरच्या खटल्यात त्यांनी अकरा वर्षं पुकारा केला. एवढा मोठा नेता, एकदाही आला नाही. दर वेळी वकिलाचा अर्ज यायचा.

त्यावरून घरी काका आणि दादाची रोज जुंपायची.

"निव्वळ सूड आहे हा. विरोधकांना दुसरा उद्योग नाही."

"काका, तुमचे साहेब एकदा पिंजऱ्यात उभे राहू देत, मग बोलू."

बाबा मध्ये पडत नसत. "आपण नाव पुकारायचं," एवढंच म्हणत.

शेवटच्या तापात त्यांनी मला ओळखलं नाही. दाराकडे बघत साहेबांचंच नाव पुकारत राहिले, तीन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी थांबून कानोसा घेत राहिले.

बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी साहेब घरी भेटायला आले. काका लगबगीने पुढे झाले. बाबांची खुर्ची मात्र दादानेच आणून ठेवली.

निघताना साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.



"बेटा, काही लागलं तर नुसती हाक मार. असेन तिथून येईन."