हलणारं छप्पर

मिस्त्रींनी फळीला भोक पाडलं, त्यात अंगठा घालून पाहिला आणि समाधानानं मान डोलावली. अंगठा जातो म्हणजे लहान पाखरू जाईल. मोठ्या दांडगटांना मात्र दाराबाहेरच राहावं लागेल.

खिडकीच्या अगदी खाली बसून त्यांनी दुपारभर ठोकाठोक केली. एरवी चमचा पडला तरी बायको दचकून उठायची. आज ती आत गाढ झोपली होती. नर्सबाई रोज येऊन देतात ते नवीन औषध लागू पडतंय, असं मनाशी म्हणत त्यांनी आणखी दोन खिळे हाणले.

बायको चार महिने अंथरुणाला खिळून होती. गेल्या काही दिवसांत तर तिचं अन्नावरून मनच उडालं होतं. घास पुढे केला की भिंतीकडे तोंड फिरवायची. नुसत्या औषधावर माणूस किती दिवस ओढणार? सकाळी डोळे उघडायला काहीतरी कारण हवं, असं मिस्त्रींच्या डोक्यानं घेतलं.

"तुझ्यासाठी पाखराचं घर करतो," दोन दिवसांपूर्वी ते तिच्यासमोर बसून म्हणाले होते. "सकाळी उठलीस की पाखरू बोलेल. बरं वाटेल तुला."

मिस्त्रींचं बोलणं हा एक पाहण्यासारखाच प्रकार होता. तीस वर्षं त्यांनी लाकडाच्या वखारीत आरा मशीनपाशी काढलेली. त्या घरघरीत शब्द कानापर्यंत पोचायचाच नाही, म्हणून सगळे समोरासमोर उभं राहून, तोंड भलंमोठं उघडून, एकेक शब्द चावून बोलायचे. रोज डबा घेऊन येणारी बायकोही तिथंच ते शिकली. घरी आल्यावरही दोघांची सवय सुटली नाही. हे दोघं बोलतायत की एकमेकांचे दात मोजतायत, असं शेजारी हसायचे.

ती त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली होती.

"करा," ती म्हणाली. "पण छपरावर झाडं लावा. हलणारी."

"छपरावर झाडं? पाखराला काय बंगला हवाय?"

"लावा हो. हलायला हवीत मात्र."

मग छपराच्या जागी त्यांनी उथळ खोका बसवला. पाणी झिरपायला बारीक भोकं, आत प्लास्टिक, त्यावर खडे आणि वर भुसभुशीत हलकी माती. मधोमध ऑफिस टाइमची, दहाच्या उन्हात फुलणारी रोपं खोचली, कडेनं लांब पात्यांचं गवत आणि खाली लोंबणारी एक वेल. घराला आतून-बाहेरून वार्निशचे दोन हात दिले, अगदी वखारीच्या मालकाच्या टेबलाला द्यायचे तसे. मेंदीच्या कुंपणाआड खांब रोवून त्यावर ते बसवलं. पलंगावरून कुंपणाच्या वर छप्पर आणि भोक तेवढं दिसायचं.

खांब मात्र बारीक निघाला. नुसता हात लागला तरी सगळं छप्पर थरथरायचं.

"तीस वर्षांची मिस्त्रीगिरी आणि खांब डुगडुगतोय," ते ओशाळून म्हणाले. "उद्या सिमेंट घालतो."

"नको! असू दे तसाच." ती इतक्या मोठ्यांदा म्हणाली की ते चपापले. पण आवाजात जोर आलाय हे पाहून त्यांना बरंच वाटलं.

पंधरा दिवस झाले, एकही पाखरू फिरकलं नाही. कारण कळलं तेव्हा मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. आतल्या वार्निशचा वास! माणसांचं सामान करण्यात आयुष्य गेलेलं, पाखराला नाक असतं हे डोक्यातच आलं नाही. बायको काही विचारत नव्हती. खिडकीकडे बघत पडून असायची आणि वाटी तशीच परत जायची.

सोळाव्या सकाळी मिस्त्री कुंपणाआड वाकून बसले. गुडघे कुरकुरायला लागले तसा त्यांनी खांब गच्च धरला, ओठ जुळवले आणि शीळ घातली. तरुणपणी वखारीत घालायचे तशीच, बारीक, लांबलचक.

आत आले तर ती उशीवर जराशी वर सरकली होती.

"आलं होतं," ती म्हणाली. "रोपं कशी थरथरली! फार गोड बोललं हो."

त्या दिवशी तिनं चार घास खाल्ले.

मग हे रोजचंच झालं. या वयात बायकोला फसवतोय म्हणून मिस्त्रींना लाज वाटायची, पण तिच्या पोटात घास जात होता. एका सकाळी मात्र खोकल्यानं त्यांना बेजार केलं. खांबाला धरून त्यांनी कितीदा तरी ओठ जुळवले. नुसती हवा बाहेर आली. ते पडेल चेहऱ्यानं आत गेले.

"आज तर कालच्यापेक्षा गोड बोललं," ती म्हणाली.

मिस्त्रींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण खोकत होतो तेवढ्यात खरंखुरं पाखरू येऊन गेलं! ते तसेच बाहेर धावले आणि भोकाला डोळा लावला. आत काहीच नव्हतं. असेना का, येऊन गेलं ना! त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

तीन आठवड्यांनी ती गेली. त्याही सकाळी त्यांची शीळ घालून झाली होती.

नर्सबाई उरलेलं सामान न्यायला आल्या तेव्हा मिस्त्री खांब उपटत होते. गवताची पाती वाळून पिवळी पडली होती.

"काढताय कशाला, काका? काकूंना फार आवडायचं."

"त्यात कधी पाखरू आलंच नाही, बाई. मीच शीळ घालायचो." मिस्त्रींना हुंदका आवरेना. "शेवटपर्यंत फसवलं मी तिला. एकदा, फक्त एकदाच खरं पाखरू आलं होतं. तेवढं तरी तिनं खरं ऐकलं. त्याच्याच आधारावर दिवस काढतोय."

नर्सबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली.

"काकूंनी शपथ घातली होती, म्हणून बोलले नाही," त्या हळूच म्हणाल्या. "काका, औषधानं त्यांचे दोन्ही कान गेले होते. तुम्ही पहिली फळी कापलीत, त्याच्याही आधी."