आधी थोरलीचं छप्पर

अमोंडीचा फोन वाजला तेव्हा ती मका खुरपत होती. तिने मेसेज वाचला, खुरपं तिथेच टाकलं आणि अशी पळत सुटली की शेजारच्या शेतातल्या बायकांना वाटलं, साप निघाला.

"आले! अहो, पैसे आले!"

तिचा नवरा ओविती आंब्याखाली बसून मासेमारीचं जाळं सांधत होता. "सगळे?"

"सगळे! परत द्यायचे नाहीत, कुणाला विचारायचं नाही. पत्रे घालणार मी. पावसाआधी पत्रे! आणि उरतील त्यात शिवणयंत्र."

गवती छपराच्या घरांना एक संस्था फोनवरून फुकट पैसे पाठवत होती, आणि गावात इतरांचे केव्हाच आले होते. हिच्या फोन नंबरचा काहीतरी घोळ झाला होता, म्हणून एवढा उशीर. यंत्र तर तिने बोंडोच्या बाजारात हेरूनच ठेवलं होतं. शाळेचे गणवेश शिवायचे, पोरांच्या फीसाठी कुणापुढे हात पसरायचा नाही, असा तिचा बेत. पावसात तिच्या गवती छपराखाली एकच कोपरा कोरडा राहायचा आणि तिन्ही पोरं त्यातच झोपायची.

ओवितीने जाळं बाजूला ठेवलं. "सगळं खरं. पण थोरलीचं काय?"

अमोंडीचं तोंड एवढंसं झालं.

थोरली म्हणजे अज्वांग, ओवितीची पहिली बायको. ती अंगणापलीकडच्या घरात राहायची. थोरलीच्या घरावर पत्रे चढल्याशिवाय धाकटीने आपल्या घरावर चढवायचे नाहीत, ही रीत. मोडली तर शाप पोरांना भोवतो. अंग झिजत जातं आणि औषध लागू पडत नाही. अमोंडी शाळा शिकलेली होती, पण पोरांच्या जिवावर पैज कोण लावणार?

आणि अज्वांगने तर पैसेच नाकारले होते. संस्थेचा माणूस गवती घरांची नावं लिहीत आला, तेव्हा ती मक्याच्या पिठाची उगाली घोटायचा दांडा घेऊन त्याच्या अंगावर धावली होती. "फुकटचा पैसा देव देत नाही, सैतान देतो! आज पैसे देईल, उद्या पोरं मागेल!" निम्मं गाव तिच्या बाजूने झालं. दुसऱ्याच दिवशी ती ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधून बोंडोला गेली, प्रार्थनेला. सैतानाची सावली पडली होती ना दारात!

संध्याकाळी अमोंडी माशाचं कालवण घेऊन तिच्याकडे गेली.

"अक्का, तुमची अवुओर बरी आहे ना? फीपायी कॉलेजातून घरी पाठवणार होते म्हणे."

"राहिली किसुमू शहरातच. नर्स होणार माझी पोर. निघाली काहीतरी वाट." अज्वांगने झाकण उचलून बोटाने कालवण चाखलं. "मीठ कमी पडलंय. बोल, काय काम काढलंस?"

"नावापुरता एक पत्रा घालू द्या तुमच्या घरावर. रीत पाळल्यासारखी होईल."

"एक? मी काय कोंबडी आहे, एका पत्र्याखाली झोपायला?"

"मग चार घालते."

"अमोंडी, रीत घराची असते, कोपऱ्याची नाही. आणि सैतानाच्या पैशाचे पत्रे मी डोक्यावर घेऊ?"

"पास्टर प्रार्थना करतील पत्र्यांवर. त्यांचा कोंबडा मी देते."

अज्वांगने कालवणात पुन्हा बोट बुडवून चाटलं. मग म्हणाली, "कोंबडा चांगला मोठा दे. आणि पत्रे जाड घे. पातळ पत्र्याखाली पावसात स्वतःचं बोलणंसुद्धा ऐकू येत नाही."

अमोंडी घरी येऊन रडली. दोन घरांची छपरं म्हणजे यंत्र गेलं. "पुढच्या वर्षी बघू," ओविती म्हणाला. पुढचं वर्ष कुणी पाहिलंय, असं तिच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कोपऱ्यात पायात पाय घालून झोपलेली पोरं तिने पाहिली, आणि सकाळी उठून पत्र्यांची मागणी देऊन टाकली.

पत्र्यांची गाडी आली त्या दिवशी गावात नुसती जत्रा. पोरं गाडीमागे धावत होती, बायका गात होत्या. "अमोंडी, आता आम्हाला काळे चष्मे घेऊन दे गं! चकाकीने तुझ्या घराकडे बघवायचं नाही!" पास्टरांनी लांबलचक प्रार्थना केली आणि कोंबडा काखोटीला मारला. सुतार थोरलीच्या घरावर चढला. अज्वांग खालून त्याला शिकवत होती.

"अरे, खिळा वाकडा गेला!"

"जाऊ दे ना अक्का, सैतानाचाच पत्रा आहे!" तो वरून ओरडला. सगळे खो खो हसले. अज्वांगसुद्धा हसली.

दुसऱ्या दिवशी अमोंडीचं घर. शेवटचा खिळा बसला तशी ती पोरांना घेऊन आत उभी राहिली. वर कुठे म्हणून भोक नव्हतं. धाकट्याने बाहेर जाऊन पत्र्यावर मूठभर वाळू फेकली, पाऊस आल्यासारखा आवाज झाला आणि आत एक थेंब पडला नाही. अमोंडीला इतका आनंद झाला की तिने पोराला पुन्हा वाळू फेकायला लावली. यंत्राचं दुःख तेवढ्यापुरतं ती विसरलीच.

जेवण थोरलीच्या घरी, तीही रीतच. अमोंडी आत चुलीवर मासे तळत होती. एवढ्यात दाराशी मोटारसायकल थांबली. डोकावून पाहते तो संस्थेचाच माणूस!  अक्का आता आनंदाच्या दिवशी याला बडवून काढणार.

"ये बाळा, बस," अज्वांग दारातून म्हणाली.

"नको, पुढे बरीच घरं आहेत. पैसे कशाला लागले, एवढंच सगळ्यांना विचारत फिरतोय. तुम्ही बोंडोच्या ऑफिसात येऊन नाव नोंदवलंत, तेव्हा म्हणाला होतात की सगळे मुलीच्या नर्सिंगच्या फीला जाणार."

"गेले की. सगळे गेले."

त्याने मान वर केली. "मग हे नवं छप्पर?"

आत तेल तडतडत होतं. अमोंडीच्या हातातला मासा हातातच राहिला.

अज्वांगने एकदा वळून चुलीकडे पाहिलं.

"ते देवाने घातलं," ती म्हणाली, "माझ्या धाकटीच्या हातून."