राजीनामा

नवरा गेल्यावर त्याच्या जागी शेवंताला मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कचेरीत चपराशाची नोकरी लागली. माहेर तुमसरकडचं, चौथीपर्यंतची शाळा मराठीच. साहेबाने दोनदा रेकॉर्डच्या खोलीत तिच्या अंगावर हात टाकला, तेव्हा लाज गिळून तिने तक्रार केली. कोर्टाच्या हुकमाने कचेरीत महिलांची तक्रार समिती नेमलेली होती. भिंतीवरच्या गेल्या सालच्या कॅलेंडराएवढीच कामाची, आणि तिच्या अध्यक्षबाई साहेबाच्याच हाताखालच्या.

पंधरा दिवसांनी अध्यक्षबाईंनी शेवंताला बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला.

"साहब राजीनामे को तैयार हैं, शेवंता. तुम भी यहाँ दस्तख़त कर दो."

कागदावर ठळक अक्षरांत 'राजीनामा' लिहिलेलं होतं आणि खाली साहेबाची सही. शेवंताचे डोळे असे भरले, की मधलं काही तिला दिसलंच नाही. सही करून ती बाईंच्या पाया पडली. घरी येताना पेढे घेतले आणि नवऱ्याच्या फोटोपुढे एक ठेवला.

"पाहा जी, गरिबाचंबी कोनी ऐकते. साहेबाची नोकरी गेली."

हिंदी शाळेत नववीत शिकणाऱ्या तिच्या लेकीने, श्रुतिकाने, बाईंनी दिलेली कागदाची नक्कल शेवटपर्यंत वाचली. हातातला पेढा तिने खाली ठेवला.



"माय, हिंदीत राजीनामा म्हंजे समझौता असते वं. साहेब कुठीच जाऊन नाही राह्यला. तुनंच लिहून देलं हाय, का त्यानं तुले कधी हातच नाही लावला."